प्रवासात अल्बम करताय? आधी एवढं सांभाळा

सोलापूरहून निघून मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोट असं फिरत स्वतःची गाणी रेकॉर्ड करायची कल्पना झकास आहे, नक्की करा. महागड्या माइकच्या मागे लागू नका. नवख्यांचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा खोलीमुळे बिघडतं. लॉजच्या मोकळ्या भिंती आणि फरशीवरून आवाज घुमतो, आणि तो घुमारा नंतर नीट काढता येत नाही. सोलापुरी चादरी दुहेरी करून तुमच्या पाठीमागे आणि बाजूंना टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. पंखा, फ्रिज बंद.

- रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये फाइल वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारा प्रकार), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या ओळीला रेकॉर्डरवरचा आवाजाची पातळी दाखवणारा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो, तो नंतर नीट दुरुस्त होत नाही.
- माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका. समोर धरला तर ‘प’, ‘फ’चे फटके बसतात.
- तुणतुण्याची तार उन्हात उतरते. प्रत्येक टेकआधी (गाण्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगआधी) ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर किंवा ॲपवर, लावा, नाहीतर दोन गावांतले टेक जुळणार नाहीत.
- उघड्यावर वाऱ्याची घरघर अडवायला माइकला केसाळ कव्हर हवंच.

रोज रात्री दोन ठिकाणी कॉपी, मगच मेमरी कार्ड रिकामं करा. मिक्सिंगचं (रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवण्याचं) घरी आल्यावर बोलू.