चाफ्याची फांदी कुंडीत लावली, पानंसुद्धा फुटली, रोज पाणी घालत होते तरी महिन्याभरात बुडातून सडली. काय चुकलं?

पानं फुटली म्हणजे फांदी लागली असं कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्या मोठ्या भाऊजींनी तर नाही ना? कारण हेच वाक्य मी घरात सहा वर्षं ऐकतेय.

आमचं जुनं घर सोलापुरात विजापूर रोडला. अंगणात सासऱ्यांनी लावलेला देवचाफा होता, पांढरा, मधे पिवळा, उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की रात्रभर वास. घर वाढवायचं ठरलं आणि झाड नेमकं नव्या खोलीच्या जागेत. शिवरात्र होऊन गेली होती, पाडवा यायचा होता, झाडावर एक पान नव्हतं. मी म्हटलं तोडायचंच आहे तर फांद्या तरी ठेवू. भाऊजींनी सात घेतल्या, मी चार.

त्यांनी त्याच संध्याकाळी, चीक गळत असतानाच, काळ्या मातीत शेणखत कालवून लावून टाकल्या आणि दोन्ही वेळ पाणी सुरू. मी माझ्या जिन्याखाली आडव्या टाकल्या 10 दिवस. "फांद्या लावायच्यात का सरपण करायचंय?" जाता-येता ऐकवायचे. सासूबाईंनी तर एकदा खरंच उचलून बंबापाशी नेऊन ठेवल्या, मी बघितलं म्हणून वाचल्या.

पंधरा-वीस दिवसांत भाऊजींच्या सातही फांद्यांना हिरवेगार तुरे, आणि माझे नुसते दांडके उभे. शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं त्यांनी. मी गप्प. आता चाफ्याची फांदी असते जाड, पाणी आणि अन्न आतच साठवलेलं, त्यावर ती पानं काढते, खाली मुळाचा पत्ता नसला तरी. मग मे लागला, 42-43 डिग्री, पानांनी माना टाकल्या, भाऊजींना वाटलं तहान लागली, पाणी अजून वाढवलं. अहो पण मूळच नाही तर पिणार कोण? एकेक करत सहा फांद्या बुडाशी काळ्या, मऊ, दाबलं की पाणी. सातवी टाकीच्या मागे होती, तिथं पाईप पोचत नव्हता म्हणून ते तिला विसरूनच गेले, आणि तेवढीच जगली! आज तिला फुलं येतात आणि आल्यागेल्याला भाऊजी शेणखताची कमाल सांगतात.

माझ्या चारातल्या तीन लागल्या. चौथी सडली कारण मुरूम संपला आणि मी कंटाळा करून नुसत्या काळ्या मातीत लावली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कापसाला ठीक, याला नाही.

तर तुमचं. फांदी दीड फुटाची, राखाडी रंगाची, अंगठ्याएवढी तरी जाड, हिरवी कोवळी घेऊ नका. कापलेलं टोक सावलीत खडखडीत वाळू द्या. मुरूम-वाळू निम्म्याहून जास्त, भोकाची कुंडी, फांदी तीन-चार इंच खोल रोवा, काठीला घट्ट बांधा (मी चादरीच्या किनारीच्या चिंध्यांनी बांधल्या), हलली की नवी मुळं तुटतात, आणि रोज उपटून बघू नका. लावताना एकदा पाणी, मग माती पार वाळल्याशिवाय नाही. मुळं धरायला दीड-दोन महिने जातात, पानं मोठी होऊन टिकली की मग पाणी वाढवा. दुपारचं ऊन सुरुवातीला नको.

सडलेली फेकू नका, वरून कापत या, आतून स्वच्छ पांढरं लागलं तर परत वाळवून लावा. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, अंगावर पण आग होते काहींच्या. हे सगळं देवचाफ्याचं हं, सोनचाफा वेगळं झाड, ते असं लागत नाही, त्याचं कलम आणा. आणि थंडीत पानं गळली तर घाबरू नका, आमच्या सासूबाई दर जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला, "मेलं गं झाड तुझं" म्हणतात.

शेणखत मुळं धरल्यावर, आधी नाही. भाऊजी हे वाचणार आहेत, लिंक मीच पाठवणार आहे.