पोटनिवडणुकीतलं 'पोट'

प्रश्न असा: न्यूझीलंडच्या इनांगाहुआ मतदारसंघातून सर रॉबर्ट स्टाउट १८९३च्या जूनमध्ये संसदेवर गेले, ती 'उपनिवडणूक' की 'फेरनिवडणूक'?

दोन्ही नाही. ती पोटनिवडणूक. फेरनिवडणूक म्हणजे झालेली निवडणूक रद्द करून पुन्हा घ्यायची, तसं तिथे काहीच घडलं नव्हतं. आणि 'उपनिवडणूक' हे हिंदीतल्या 'उपचुनाव'चं आयतं उचललेलं रूप. बातम्यांत ते रोज कानावर पडतं आणि रोज खटकतं. घरात धडधाकट शब्द असताना ही उसनवारी कशाला?

'पोट-' म्हणजे दुय्यम, हलकं, असं सांगणारे जाणकार भेटतात. त्यांनी एकदा सातबारा उघडून पाहावा. त्यात 'पोटखराबा' असतो. ही जमीन शेजारची नव्हे. तुमच्याच गटातली, पण लागवडीला न येणारी. पोटहिस्सा, पोटकलम, पोटभाडेकरू, सगळीकडे अर्थ एकच: मोठ्याच्या आत सामावलेलं. पोटनिवडणुकीतून आलेल्याला नवी मुदत मिळत नाही, चालू सभागृहाची उरलेली मुदतच त्याच्या वाट्याला येते. इंग्रजी 'बाय-इलेक्शन'मधलं 'बाय' ही निवडणूक बाजूला उभी करतं, आपण तिला आत घेतो. माझ्या मते मराठी शब्द जास्त नेमका आहे.

स्टाउट यांचंच बघा. पंतप्रधान जॉन बॅलन्स २७ एप्रिलला वारले, सेडन त्यांच्या जागी आले, जूनमध्ये स्टाउट निवडून आले. १९ सप्टेंबरला स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा झाला आणि २८ नोव्हेंबरला सार्वत्रिक निवडणूक. म्हणजे इनांगाहुआची ही खासदारकी सहा महिनेसुद्धा टिकली नाही. आणि त्या जूनमध्ये मत देणारे सगळे पुरुषच.

आता खरी गंमत 'पोट' या शब्दाची. तो 'उदर'पासून आलेला नाही, हे उघड आहे. काही जण 'पुट'पासून ओढूनताणून आणतात, ते मला मुळीच पटत नाही. प्राकृतात 'पोट्ट' आहे, जुना व्याकरणकार हेमचंद्र याने तो देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेल्या, शब्दांत नोंदवला आहे. तेलुगूत 'पोट्ट', कन्नडमध्ये 'होट्टे'. कन्नडमध्ये जुन्या 'प'चा 'ह' होतो: दुधाला तमिळमध्ये 'पाल', कन्नडमध्ये 'हालु', फुलाला तमिळमध्ये 'पू', कन्नडमध्ये 'हूवु'. तसंच 'पोट्टे'चं 'होट्टे'. बेळगाव-सोलापूरकडच्या माणसाला हे नातं शिकवावं लागत नाही, तो दोन्ही शब्द एकाच बाजारात ऐकतो.