वाचकांचे प्रश्न : ईजीएफपी चमकते, मग जोड-प्रथिन का नाही?

प्रश्न : आमचे जनुक पीईजीएफपी-एन1 या वेक्टरमध्ये (ईजीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक असलेले वाहक प्लाझ्मिड, म्हणजे वर्तुळाकार डीएनए) ईकोआर-1 आणि बॅमएच-1 या कापण्याच्या जागांच्या मधे बसवले. रिकाम्या वेक्टरने हेक-293टी या मानवी पेशी हिरव्यागार दिसतात, जनुकवाल्या प्लाझ्मिडने जवळजवळ अंधार. आरटी-पीसीआरमध्ये (आरएनए बनला का ते पाहणारी चाचणी) मात्र पट्टा येतो. चूक कुठे असेल?
— संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पेशींवर आणि ट्रान्सफेक्शनच्या (पेशींत डीएनए घालण्याच्या) पद्धतीवर संशय नको. रिकामा वेक्टर चमकतो, म्हणजे त्या ठीक आहेत. आधी तुमचा रिव्हर्स प्रायमर (जनुकाच्या शेवटाशी जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा) समोर घ्या. एन1 मध्ये ईजीएफपी तुमच्या प्रथिनाच्या सी-टोकाला (शेवटाला) जोडले जाते, म्हणून जनुकाचा स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपते असे सांगणारी खूण : टीएए, टीएजी किंवा टीजीए) वगळावाच लागतो. डेटाबेसमधला क्रम जसाच्या तसा उचलला की तो राहून जातो. आरएनए पूर्ण बनतो, पण रायबोसोम ईजीएफपीच्या अलीकडेच थांबतो.

स्टॉप काढलेला असेल तर रीडिंग फ्रेम (तीन-तीन बेस वाचण्याची चौकट) मोजा. बॅमएच-1 च्या जीजीएटीसीसीपासून ईजीएफपीच्या एटीजीच्या (सुरुवातीच्या कोडॉनच्या) आधीपर्यंत 19 बेस आहेत. तीनच्या पटीला दोन कमी पडतात. म्हणून शेवटचा कोडॉन आणि ही जागा यांच्या मधे दोन बेस घाला. तेही बघून! ‘टीए’ घातलेत तर पुढच्या ‘जी’शी मिळून टीएजी तयार होतो आणि काढलेला स्टॉप परत येतो. ‘जीजी’ चालेल (प्रायमरमध्ये अर्थातच ‘सीसी’).

फिकट हिरवे दिसले तरी हुरळून जाऊ नका. वेक्टरमधल्या ईजीएफपीला स्वतःचा कोझॅक क्रम (रायबोसोमला सुरुवातीची जागा दाखवणारा) आणि एटीजी आहे, त्यामुळे काही रायबोसोम तिथूनच सुरुवात करू शकतात. असे सुटे ईजीएफपी केंद्रकासकट सगळ्या पेशीत पसरते. अँटी-जीएफपी वेस्टर्न (जीएफपी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने प्रथिनाचे वजन दाखवणारी चाचणी) करा : पट्टा 27 किलोडाल्टनला आला तर ते सुटेच, जोड-प्रथिनाचा पट्टा तुमच्या प्रथिनाचे वजन अधिक 27 इथे हवा.

आरटी-पीसीआरच्या पट्ट्यावरही लगेच भरवसा नको. आरएनएत प्लाझ्मिड उरलेले असते. डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) द्या आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली एक नळी सोबत चालवा. तिच्यातही पट्टा आला तर तो प्लाझ्मिडचा.

प्रश्न : पेशीबाहेर स्रवणाऱ्या प्रथिनाला फ्लॅग टॅग (ओळखीसाठी जोडायचा छोटा तुकडा) एन-टोकाला (सुरुवातीच्या टोकाला) लावावा का?

उत्तर : अगदी सुरुवातीला नको. सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला बाहेर धाडणारा सुरुवातीचा तुकडा) छाटले जाते तेव्हा त्याच्या पुढे लावलेला टॅगही त्याच्याबरोबर जातो. फ्लॅगचे 24 बेस सिग्नल पेप्टाइड जिथे तुटते त्याच्या लगेच नंतर घाला, नाहीतर सरळ सी-टोक निवडा.