लघवीची गोळी डोळ्याच्या सुजेवर का?

ताई, तुमच्या 27 वर्षांच्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज आहे, डॉक्टरांनी डायमॉक्स दिलंय, मेडिकलवाला म्हणाला ही लघवीची गोळी, आणि आता बोटांना मुंग्या येतात म्हणून तिला ती बंद करायचीय, असं तुम्ही लिहिलंय. आठ वर्षांपूर्वी मला हेच दुखणं, म्हणजे डोक्यातला दाब वाढून डोळ्यांच्या नसा सुजणं, झालं होतं. कळकळीने सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला गोळी सोडू देऊ नका.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. लघवी वाढते हे खरं, पण तिला ती त्यासाठी दिलेली नाही. मेंदूभोवती सतत पाणी तयार होत असतं, त्याला लागणारं एन्झाइम ही गोळी अडवते. पाणी कमी बनलं की कवटीतला दाब उतरतो. मेंदूचं आवरण डोळ्याच्या नसेवरही तसंच पुढे आलेलं असतं, म्हणून डोक्यातला दाब नसेपर्यंत पोचतो आणि ती डोळ्याच्या तोंडाशी सुजते. घरात कुणाची बीपीची पाण्याची गोळी असेल तर ती याऐवजी चालत नाही. लॅसिक्स ही पाण्याची गोळी कधी जोडीला देतात, एवढंच.

उत्तर अमेरिकेत 165 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2014 साली आला. वजन उतरवायचा आहार सगळ्यांनाच होता. ज्यांना सोबत डायमॉक्स मिळालं त्यांची नजर सहा महिन्यांत जास्त सुधारली.

मुंग्या मलाही यायच्या. भाकरी थापताना बोटं बधिर व्हायची, लिंबूसोडा तोंडात धातूसारखा लागायचा. या गोळीने बहुतेकांना असं होतं. त्रास सोसवत नसेल तर डॉक्टर डोस बदलून देतात. पण पूर्वी मुतखडा झाला असेल, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, दिवस गेले असतील किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ते आजच सांगा. पोटॅशियमची रक्ततपासणीही विचारून घ्या.

आणखी एक, मुरुमांसाठी ती काही घेत होती का? डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोक्यातला दाब वाढू शकतो, आणि मुरुमांची गोळी डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायची असते हे कुणाच्या लक्षातच येत नाही. बीपी मोजलंय ना? फार चढलेल्या बीपीनेही नस सुजते. एमआरआयमध्ये मेंदूच्या शिराही पाहिल्यात का, तेही विचारा. तिथे गुठळी असली तर उपचारच वेगळा. पाठीतून मेंदूभोवतीचं तेच पाणी काढून डोक्यातला दाब मोजतात, तो 25 सेंटिमीटरच्या वर असला तर वाढलेला धरतात. या तपासणीला मी फार घाबरले होते, पण निदान पक्कं झालं ते तिच्यामुळेच.

फील्ड टेस्ट मात्र चुकवू नका. मला तक्त्यावरची शेवटची ओळ स्वच्छ वाचता येत होती, म्हणून घरचे निश्चिंत होते. मग हनुवटी टेकवून त्या पांढऱ्या वाटीसारख्या मशीनमध्ये बघायला बसले, ठिपका दिसला की बटण दाबायचं. कडेचे कितीतरी ठिपके मला दिसलेच नव्हते. कागदावर तिथे काळे डाग उमटले. नजर आधी अशी कडेने जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

खाली वाकून बादली उचलताना मला दोन-चार सेकंद अंधारी यायची, कानात नाडीसारखं घुमायचं. बहिणीला विचारा, असं होतं का. मुलींना वजनावरून बोललं की त्या मिटतात हे मला माहीत आहे, तरी तिचं वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी दाबावर फरक पडतो; तुम्हीही तिच्यासोबत चालायला जा.

नजर अंधुक होत चालली, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळीने भागत नसेल तर नजर वाचवायला ऑपरेशन करता येतं, पण ते वेळेत व्हावं लागतं.