वाचकांचे प्रश्न : झोरोचा मुखवटा आणि त्यामागची माणसे

प्रश्न : 'झोरोज फायटिंग लिजन' हे नाव शोधले असता कुठे त्याला चित्रपट म्हटलेले आढळते, तर कुठे मालिका. दूरचित्रवाणी घरोघरी येण्याआधीच्या काळात ही मालिका लोकांनी पाहिली तरी कशी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण ही कलाकृती चित्रपटगृहासाठी तयार झाली असली तरी ती सलग पाहण्यासाठी नव्हती. अमेरिकेत त्या काळी 'सीरियल' नावाचा चित्रप्रकार होता. एकच कथा बारा ते पंधरा भागांत विभागली जाई आणि दर आठवड्याला, बहुधा शनिवारी दुपारच्या खेळाला, मुख्य चित्रपटाच्या जोडीने तिचा एकेक भाग दाखवला जाई. आपल्या मासिकांतून कथेच्या शेवटी 'क्रमशः' हा शब्द छापलेला पाहून महिनाभर थांबलेल्या वाचकांना या प्रकाराची गंमत वेगळी सांगायला नको. रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीने डिसेंबर १९३९मध्ये प्रदर्शित केलेल्या या सीरियलचे बारा भाग आहेत. पहिला भाग तीन रिळांचा आणि पुढचे सगळे दोन रिळांचे, म्हणजे साधारण सतरा मिनिटांचे आहेत. सगळे मिळून साडेतीन तासांच्या आसपास होतात. झोरो या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या मुखवटाधारी नायकाचा जन्मही क्रमशःच झाला आहे. जॉन्स्टन मॅक्कली यांनी १९१९ साली एका अमेरिकी साप्ताहिकात पाच भागांत लिहिलेल्या कथेतून तो प्रथम वाचकांसमोर आला. झोरो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ कोल्हा असा आहे.

प्रश्न : डॉन दिएगो म्हणून वावरताना रीड हॅडली हा नट अगदी नाजूक, आळसावलेला वाटतो; मग भरधाव घोड्यावरून उड्या घेणारा झोरो तोच आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण या सीरियलचे मर्म त्यातच आहे. कथेत दिएगो आणि झोरो ही एकच व्यक्ती आहे. चित्रीकरणात मात्र झोरो एकट्याचा नव्हता. हॅडली उंच, देखणे आणि भारदस्त आवाजाचे नट होते. दिवाणखान्यातील छानछोकीचा दिएगो त्यांनी इतक्या सहजतेने रंगवला आहे, की समोरच्या मंडळींना त्याचा संशय येत नाही हे आपल्यालाही पटते. पण काळा मुखवटा चढला आणि जिवावरचे दृश्य आले, की घोड्यावर अनेकदा याकिमा कॅनट असत.

कॅनट (१८९५–१९८६) हे मूळचे रोडिओतील, म्हणजे अमेरिकी गुराख्यांच्या कसरतींच्या स्पर्धांतील, घोडेस्वार. मूकपटांच्या काळात ते पडद्यावर आले आणि पुढे हॉलिवूडमधील साहसदृश्यांचे आद्य आचार्य ठरले. धावत्या घोडागाडीच्या घोड्यांमधून खाली पडायचे, गाडी अंगावरून जाऊ द्यायची, ती पुढे निसटण्याच्या आत तिचा मागचा भाग पकडायचा आणि पुन्हा वर चढायचे, असा एक विलक्षण प्रकार त्यांनी बसवला होता. तो या सीरियलमध्येही आहे. संगणकाने चित्रे घडवण्याची सोय तेव्हा स्वप्नातही नव्हती. चाके खरी, घोडे खरे आणि धुळीत पाठ घासत जाणारा माणूसही खराच. 'बेन-हर' (१९५९) या चित्रपटातील रथांची शर्यत बसवणारे हेच कॅनट. १९६७ साली त्यांना मानद ऑस्कर देण्यात आला.

मुखवट्याचे खरे मोल मला इथे दिसते. कथेत तो दिएगोची ओळख लपवतो आणि पडद्यावर कॅनट यांची. नायकाचा चेहरा उघडा असता तर दिग्दर्शकाला प्रत्येक धोक्याच्या दृश्यात कॅमेरा दूर तरी न्यावा लागला असता किंवा पाठीमागे तरी ठेवावा लागला असता. मुखवट्यामुळे कॅमेऱ्याला बरेच जवळ जाता आले आणि दोन माणसांचा मिळून एक झोरो उभा राहिला. विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश या दिग्दर्शकांच्या जोडीने ही सोय पुरेपूर वापरली आहे. विटनी तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. हॉलिवूडचे नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली यांना नृत्यप्रसंग तुकड्या-तुकड्यांनी बसवताना पाहून, मारामारीही नृत्यासारखीच एकेका तुकड्यात बसवावी, हे त्यांना सुचले होते. म्हणूनच या सीरियलमधील झटापटींना ताल आहे. त्या नुसत्या धक्काबुक्की वाटत नाहीत.

प्रश्न : एका भागाच्या शेवटी नायकाचा मृत्यू अटळ दिसतो आणि पुढच्या भागात तो आधीच बाजूला झालेला असतो. ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : काही वेळा ती निश्चितच फसवणूक असे. पुढचा भाग सुरू होताना मागचा प्रसंग पुन्हा दाखवला जाई आणि त्यात आधी न दाखवलेले एखादे दृश्य घातले जाई, उदाहरणार्थ नायक क्षणभर आधी उडी मारतो ते. मुलांच्या हे लक्षात येत असे आणि त्यांना ते आवडतही नसे. माझ्या मते सुटकेचा मार्ग संकटातच दडलेला असतो ती सुटका उत्तम, आणि निव्वळ संकलनाच्या कात्रीने साधलेली ती कमअस्सल. या सीरियलमध्ये दोन्ही प्रकार सापडतील.

प्रश्न : कथा १८२४मधील मेक्सिकोची आहे आणि त्यात बेनितो हुआरेस प्रजासत्ताकाचे नेतृत्व करताना दिसतात. हा इतिहास खरा मानावा का? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : मानू नये, आणि विद्यार्थ्यांना दाखवणार असाल तर हे आधी स्पष्ट सांगावे. मेक्सिको १८२१ साली स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि १८२४मध्ये त्याने प्रजासत्ताकाची राज्यघटना स्वीकारली, इथपर्यंत सारे ठीक आहे. परंतु पहिले राष्ट्राध्यक्ष ग्वादालुपे व्हिक्टोरिया होते. १८०६ साली जन्मलेले हुआरेस तेव्हा अठरा वर्षांचे विद्यार्थी होते आणि राष्ट्राध्यक्षपद त्यांच्याकडे १८५८ साली आले. अमेरिकी प्रेक्षकांच्या ओळखीचे मेक्सिकन नाव हवे म्हणून लेखकांनी त्यांना तीसेक वर्षे आधीच बोलावून घेतले असावे.

ही कालविसंगती तरी निरुपद्रवी आहे. याकी या मेक्सिकोतील मूळ रहिवासी समाजाचे चित्रण मात्र तसे नाही आणि त्याबद्दल गांभीर्याने बोलायला हवे. सीरियलमध्ये डॉन देल ओरो नावाचा सोनेरी चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला तोतया देव याकींना भुलवतो, प्रजासत्ताकाला अत्यंत गरजेचे असलेले खाणीतील सोने लुटवतो आणि स्वतः सम्राट होण्याची स्वप्ने पाहतो. म्हणजे याकींचे बंड हे केवळ त्यांच्या भोळेपणाचे फळ ठरते. वास्तव फार निराळे आहे. वायव्य मेक्सिकोतील सोनोरा प्रांतात, याकी नदीच्या खोऱ्यात राहणारा हा समाज स्वतःचा कारभार स्वतः पाहत आला होता. नव्या राज्यकर्त्यांनी त्यांच्यावर कर लादण्याचा प्रयत्न केला आणि त्यांच्या जमिनींवर डोळा ठेवला, तेव्हा १८२५पासून हुआन बांदेरास यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी उठाव केला. बांदेरास यांच्या हाती ग्वादालुपेच्या मातेचे, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरी मातेचे, निशाण होते. सोन्याचा देव त्यांच्या गावीही नव्हता. १८३३ साली त्यांना देहदंड झाला, तरी संघर्ष थांबला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हजारो याकींना पकडून दूरच्या युकातानमधील घायपाताच्या मळ्यांवर राबायला पाठवण्यात आले. ज्यांच्यावर इतका अन्याय झाला, त्यांना पडद्यावर फसव्या देवापुढे गुडघे टेकणारा जमाव म्हणून दाखवले गेले, याचा मला ही सीरियल आवडत असूनही प्रत्येक वेळी खेद होतो.

प्रश्न : आपल्याकडच्या 'हंटरवाली'चा आणि झोरोचा काही संबंध आहे का? (एक वाचक, परळ, मुंबई)

उत्तर : 'हंटरवाली' काढणाऱ्या वाडिया मूव्हीटोन या कंपनीचा स्टुडिओ आपल्या परळमध्येच होता, वाडिया कुटुंबाच्या लवजी कॅसल या वास्तूत, पुढे १९४२ साली व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर तिथेच उभे राहिले. कंपनीचे संस्थापक जे. बी. एच. वाडिया हे १९२०च्या मूकपटात झोरो साकारणाऱ्या डग्लस फेअरबँक्स यांचे मोठे चाहते होते आणि त्या साहसपटांचा ठसा त्यांच्या चित्रपटांवर स्पष्ट दिसतो. होमी वाडिया दिग्दर्शित 'हंटरवाली' १९३५ साली आला. त्यातील राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन अन्यायाचा समाचार घेते. वेगळेपण असे, की मुखवट्यामागे माधुरीची भूमिका करणाऱ्या नटी नादिया स्वतः होत्या. त्या आपली साहसदृश्ये स्वतःच करत. रिपब्लिकने मुखवटा आणि चाबूक नायिकेच्या हाती दिला तो 'झोरोज ब्लॅक व्हिप' या सीरियलमध्ये, १९४४ साली. परळमध्ये ही गोष्ट त्याच्या नऊ वर्षे आधी घडली होती. आपण परळचे रहिवासी आहात म्हणून हे अधिक आनंदाने सांगतो.

प्रश्न : डॉन देल ओरोच्या सोनेरी शिरस्त्राणाआड कोण आहे? मला राहवत नाही; आवाजावरून ओळखता येईल का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : त्याचे नाव मी सांगणार नाही, एवढी मोकळीक आपण मला द्यावी. प्रांताच्या कारभारी मंडळातील काही प्रतिष्ठितांवर संशय फिरत राहतो आणि तो फिरता ठेवण्यासाठीच कथेची रचना केलेली आहे. आवाजावरून ओळखण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण तो घुमणारा आवाज संशयितांपैकी कोणत्याही नटाचा नाही. तो दिला आहे बिली ब्लेचर यांनी, ज्यांनी १९३३ सालच्या डिस्नेच्या तीन डुकरांच्या व्यंगपटातील लांडग्यालाही आवाज दिला होता. नायकाप्रमाणे खलनायकाच्या मुखवट्यातही एकाहून अधिक माणसे आहेत. बाराव्या भागाचे शीर्षक 'अनमास्क्ड' असे आहे. दर शनिवारी एकच भाग पाहिलात, तर तिथे पोहोचायला आपल्याला अकरा आठवडे लागतील.