मॉर्फिन देताना: शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेस

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या भीतीपोटी रुग्णाला वेदनेत ठेवू नका; पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्याला दुखण्यामुळे खोल श्वास घेता येत नाही की खोकता येत नाही, त्याच्या छातीत कफ साठतो. लिहून दिलेले पॅरासिटामॉल ठरल्या वेळी नियमित द्या, म्हणजे मॉर्फिन कमी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुंगीकडे लक्ष ठेवणे, कारण श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. बोलता बोलताच रुग्णाचे डोळे मिटत असतील, तर तो वेदना कितीही सांगत असला तरी पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, आणि तोही रुग्णाला हाक मारण्यापूर्वी.

नव्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- ऑक्सिमीटरवरच्या 98 या आकड्यावर विसंबणे. ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगला दिसतो.
- नॅलोक्सोनने (मॉर्फिनवरच्या उताऱ्याने) रुग्ण जागा झाला की निर्धास्त होणे. या उताऱ्याचा परिणाम मॉर्फिनच्या आधी ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते.
- डॉक्टरांना न विचारता सोबत झोपेची गोळी देणे.

रुग्ण स्वतः बटण दाबून मॉर्फिन घेतो त्या पंपाची गणिते पुढे शिकाल. तूर्त एवढेच पाहा, की त्याचे बटण रुग्णाऐवजी नातेवाईक दाबत नाहीत ना.