दुसरे महायुद्ध संपल्यावर अवघ्या दोन वर्षांत ट्रान्झिस्टरचा, म्हणजे विद्युतसंकेत वाढवणाऱ्या छोट्या साधनाचा, शोध कसा काय लागला?
या शोधाची पूर्वतयारी युद्धकाळातच झाली होती. रडारच्या सूक्ष्मलहरी टिपण्यास त्या वेळच्या निर्वात नळ्या (आतली हवा काढून टाकलेली, संकेत हाताळणारी काचेची उपकरणे) अपुऱ्या पडत असल्यामुळे स्फटिकांचा वापर करावा लागला आणि त्यासाठी जर्मेनियम व सिलिकॉन हे अर्धवाहक (विजेचे धड चांगले वाहकही नाहीत आणि रोधकही नाहीत असे पदार्थ) अत्यंत शुद्ध स्वरूपात मिळवण्याचे तंत्र अमेरिकेत विकसित झाले. माझ्या मते मोठे श्रेय या शुद्धीकरणाला द्यायला हवे, कारण नकोशी अशुद्धी असताना अर्धवाहकाचे गुणधर्म नीट अभ्यासताच येत नाहीत. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन संपर्कबिंदू एकमेकांच्या अगदी जवळ टेकवून विद्युतसंकेत वाढवून दाखवला; हाच पहिला ट्रान्झिस्टर. विल्यम शॉकली यांच्यासह त्यांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.